चार बोटं माया

ऋजुता,
तुझा निरोप ऐकला.
पाच फूट अकराला काय शोभतं, विचारतेस.
आधी सांग, खरं मोजलंस ना?
आपण सगळ्याच एखादा इंच चोरतो.
मी कांदेपोह्यांच्या दिवशी पाच-आठ सांगितलं होतं
आणि मंडळी यायच्या आधीपासून
सोफ्यावर बसून राहिले होते.

लिहून घे.
साडीचा रंग नंतर. आधी पन्हा बघ.
दुकानदार पदर दाखवत राहील, दाखवू दे,
तू काठापासून काठापर्यंत वीत टाक.
साडेपाच भरल्या तर भाव विचार, नाहीतर ऊठ.
एखादीवर जीवच जडला,
तर खोचतो त्या काठाला सुती पट्टी जोडायची,
चार इंची, आतून.
कोणाला दिसत नाही.
माझ्या निम्म्या साड्यांना आहे,
दोघींना तर आईच्या परकराची.

परकर बेचाळीसचा, शिवूनच घ्यावा लागतो.
रुंद काठ तुझे. आडवे पट्टे तुझे.
पंजाएवढी फुलं, मोर, हत्ती, खुशाल घाल.
बारीक बुट्टे नीलाक्काला दे,
आपल्या अंगावर ते वाट चुकतात.
बाही मनगटापर्यंत, नाहीतर सरळ कोपराशी,
मधेच संपली की उसनी वाटते.
तयार कुडत्यांची कंबर आपल्या बरगड्यांवर येते,
म्हणून कापड घ्यायचं, मंगळदास मार्केटात,
अर्धा मीटर जास्त.
'एवढं कशाला, मॅडम?' विचारतील.
नुसती उभी राहा.

'वर हवा कशी आहे?' असंही विचारतील,
गल्लीत, हपिसात, लग्नांत तर हमखास.
याचं एक फर्मास उत्तर तीस वर्षं माझ्याकडे तयार आहे.
अजून एकदाही दिलेलं नाही.

माझा शाळेचा निळा स्कर्ट
आई दर जूनमध्ये उसवायची.
विटलेल्या निळ्याखाली गडद निळी पट्टी,
माहीमच्या बंधाऱ्यावर भरतीची रेघ उरते तशी.
आठवीत तीन रेघा झाल्या.
आई कडा उलटून बघत म्हणाली,
'संपली गं माया.'
शिवणीबद्दलच म्हणाली.
पण मी त्या दिवसापासून
खांदे पुढे घेऊन चालायला लागले,
आणि वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत
गुडघे वाकवून उभी राहायला.

लग्नाच्या फोटोत तुझे काका पाटावर आहेत.
फोटोग्राफरची कल्पना.
फोटो झाल्यावर हे पाटावरून हसत उतरले,
मीच मेली लाजले.
उंच टाचा घालायच्या राहूनच गेल्या,
आता गुडघे नाही म्हणतात.

मागच्या मंगळवारची गोष्ट.
सलवार जमिनीवर लोळायला लागली,
आयुष्यात पहिल्यांदा.
हाडांच्या डॉक्टरांनी भिंतीशी उभं केलं,
दीड इंच कमी भरले.
म्हणाले, वयाने होतं, शिवाय पोक आहे.
पोक कुठून आलं ते मला ठाऊक होतं.

तशीच कापड बाजारात गेले, शब्बीरमास्तरांकडे.
खांद्याच्या मापाला ते स्टुलावर चढायचे,
या वेळी स्टूल कोपऱ्यातच राहिलं.
त्यांनी टेप दोनदा लावली, काही बोलले नाहीत,
खडूने रेघ मारून कात्री उचलली.
म्हटलं, कापू नका.
दुमडा.
चार बोटं माया आत राहू दे.
'आता तुम्ही काय वाढणार, ताई?'
वाढणार नाही मास्तर, म्हटलं,
पण आमच्यात एक आहे.

तर रविवारी ये.
जांभळी सलवार आहे, तो हिरवा कुडताही.
कच्चा टाका घातलाय, नखाने निघेल.
आणि त्या उंच टाचा, ज्या घेऊन ठेवल्यास
आणि खोक्यातून काढल्या नाहीस,
त्या घालून ये.
आमच्या चाळीचा दरवाजा बुटका आहे.
तेवढ्यापुरती वाक.